वजनाची वही मामांच्या हातात द्या

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. सासरे, म्हणजे तुमचे मामा, ५८ वर्षांचे, १५ वर्षांचा मधुमेह, दोन महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. शिरोळ तालुक्यातल्या गावातून सोमवार, बुधवार, शुक्रवार कोल्हापूरला येता. मानेत डायलिसिसची नळी आहे, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी केलेला शिरांचा जोड) करून पाच आठवडे झालेत. लघवी दिवसाला अंदाजे ३०० मिली होते. कोरडं वजन, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ६२ किलो ठरवलंय, आणि सोमवारी काट्यावर ६६, कधी साडेसहासष्ट भरतं. सिस्टर त्यांच्यावर रागावतात, ते घरी येऊन तुमच्यावर रागावतात. मागच्या बुधवारी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून ते आलेच नाहीत. तुम्ही पाण्याचा तांब्या उचलून ठेवलात तर शेजारी जाऊन पाणी पिऊन आले. आणि शेवटी मुख्य प्रश्न विचारलाय: मामा ऐकत नाहीत, काय करू?

मी कोल्हापुरात २१ वर्षं डायलिसिसची सिस्टर म्हणून काम करते आहे. माझं उत्तर तुम्हाला उलटं वाटेल. राखण करणं सोडा. ज्या घरात सून किंवा बायको पाण्याची पहारेकरी होते, त्या घरात पेशंट चोरून पितो, आणि चोरून प्यालेलं पाणी मोजलं जात नाही. मामांना आजवर ‘कमी प्या’ एवढंच सांगितलं गेलंय. का, किती, आणि कशाच्या हिशोबानं, हे त्यांच्यासमोर बसून कुणी सांगितलेलं दिसत नाही. उभा जन्म ऊस आणि म्हशी सांभाळलेल्या माणसाला हिशोब कळत नाही असं होत नसतं.

त्यांना ट्रॉलीचं उदाहरण द्या. कारखान्याच्या काट्यावर उसानं भरलेली ट्रॉली चढते, वजन होतं. ऊस उतरला की रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ऊस. कोरडं वजन म्हणजे मामांची रिकामी ट्रॉली, ६२ किलो. सोमवारी काटा ६६ दाखवतो तेव्हा वरचे चार किलो म्हणजे मांस नव्हे, रक्त नव्हे, ते चार लिटर पाणी आहे. ते पायात, पोटात, फुप्फुसांच्या कडेला साठलेलं असतं आणि हृदय ते ओढत असतं.

आता हे पाणी चार तासांत काढायचं म्हटलं तर काय होतं? एका किलो वजनामागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त वेगानं पाणी खेचलं की हृदयावर ताण येतो, असं आम्ही धरून चालतो. ६२ किलोच्या माणसाला चार तासांत हे सव्वातीन लिटरच्या आतच बसतं. साडेचार लिटर काढायला गेलं की तिसऱ्या तासाला बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उलटी होते, आणि घरी गेल्यावर दिवसभर माणूस अंथरुणाला खिळतो. मामा म्हणत असतील ना, ‘डायलिसिसनंच मला झिजवलं’? झिजवणारं डायलिसिस नाही, एका बैठकीत उपसलेलं ते पाणी आहे. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत दोन किलोपर्यंत, आणि शुक्रवार ते सोमवारच्या मोठ्या अंतरात अडीच किलोपर्यंत वाढ राहिली, तर डायलिसिसच्या याच खुर्चीतून ते चालत उठून जातील.

दूध संस्थेचं पुस्तक असतं तशी एक वही आणा. त्यात ते तारीख, लिटर, फॅट बघतात तसं रोज सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण त्याच कपड्यांत वजन करायचं आणि स्वतःच्या हातानं लिहायचं. पुढच्या रकान्यात बीपी. त्यापुढे फिस्टुलाची थरथर बोटांना लागली का, हो किंवा नाही. आठवड्यातून एकदा चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात साठवून तीही लिहायची. वही तुम्ही लिहू नका. आठ दिवसांत ते स्वतःच म्हणतील, ‘काल ठेचा खाल्ला, आज सातशे ग्रॅम वाढलंय.’ मी हे इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की खात्रीनं सांगते.

ठेच्यावरून मुद्द्यावर येते, कारण तुमच्या घरातली लढाई चुकीच्या जागी चाललीय. प्रश्न पाण्याचा आधी नाही, मिठाचा आहे. आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्यामागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि ते मिळेपर्यंत तहान माणसाला बसू देत नाही. मीठ भरपूर देऊन पाणी तोडणं म्हणजे छळ आहे. कुणीही शेजारी जाऊन पिईल. मीठ कमी करा, आठ-दहा दिवसांत तहान आपोआप उतरते. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, याच्या आत राहायचं.

आपल्याकडे मीठ लपतं कुठे, तर कांदा-लसणाच्या चटणीत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना ती टिकावी म्हणून तिच्यात मीठ घालतोच. मग रोज भाजीत दोन चमचे चटणी पडते आणि वर सवयीनं पुन्हा मीठ. तुम्ही म्हणता ‘मामांच्या भाजीला मी मीठ निम्मंच घालते’, आणि ते खरंही असेल, पण चटणीतलं कुणी मोजलेलं नसतं. यापुढे चटणी कराल तेव्हा त्यांच्यापुरती किलोभर बिनमिठाची वेगळी काढून फ्रीजमध्ये ठेवा. तोवर भाजीत चटणी असेल तर वरून मीठ अजिबात नको. तिखटाला बंदी नाही, हे त्यांना मुद्दाम सांगा. डायलिसिसवर गेलो म्हणजे आता जन्मभर फिक्कं, या धसक्यानं अर्धी माणसं पथ्य पहिल्याच आठवड्यात सोडतात. लसूण, आलं, कोथिंबीर, लिंबाचे चार थेंब, जिरं, मिरी, सुकं तिखट, यांनी चव येते. लोणचं, पापड, सांडगे, खर्डा, भडंग, फरसाण, मिसळीबरोबरचा शेव-चिवडा मात्र बंद. एस्टी स्टँडवर उतरल्यावर वडापाव होत असेल तर तोही वहीत लिहायला सांगा.

इथे एक धोक्याचा इशारा. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं. बीपीच्या माणसासाठी चांगलं म्हणून नातेवाईक आणून देतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि ते डायलिसिसच्या माणसाचं हृदय बंद पाडू शकतं. घरात असेल तर आजच बाहेर काढा. सैंधवही चालतं असं समजू नका, तेही मीठच.

पाण्याचा हिशोब असा: चोवीस तासांची लघवी, अधिक ५०० मिली. मामांचे ८०० मिली झाले. सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी भरून त्यांच्याच उशाशी ठेवा. चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून झाडाला ओतायचं. ताक, आमटी, आंबील, रस्सा, बर्फ, आइसक्रीम, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यात धरायचं. बाटलीत उरलंय ते त्यांचं, त्यावर कुणी बोलायचं नाही. कप लहान घ्या. तोंड कोरडं पडलं की चूळ भरून थुंकायची, लिंबाची फोड चोखायची. आणि साखर तपासा. रक्तातली साखर ३०० च्या वर असेल तर कितीही मीठ तोडा, तहान लागणारच.

बुधवारी बरं वाटत होतं म्हणून ते आले नाहीत. बरं वाटत होतं ते सोमवारच्या डायलिसिसमुळे. निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास चालतं, मशीन १२ तास. त्यातले चार गेले की उरलेले आठ तास सगळं ओढू शकत नाहीत. सोमवारनंतर थेट शुक्रवार म्हणजे चार दिवस रक्तात पोटॅशियम आणि फुप्फुसांभोवती पाणी साठत राहतं. आणि बुधवार न चुकवताही शुक्रवार ते सोमवारचं अंतर सगळ्यात धोक्याचं असतं. अचानक मृत्यूचं प्रमाण त्या मोठ्या सुट्टीनंतरच्या दिवशी जास्त असतं, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय आणि आम्ही सोमवारी सकाळी ते डोळ्यांनी बघतो. ‘अर्धा तास आधी काढा, गाडी जाईल’ हेही नको. महिन्याकाठी ते सहा तास होतात. प्रवास खरंच जड जात असेल तर जयसिंगपूर किंवा इचलकरंजीकडे जवळचं युनिट मिळतं का, किंवा घरी करायचं पोटाचं डायलिसिस त्यांना जमण्यासारखं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. ते विचारण्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

क्रिएटिनिनबद्दल (रक्तात साठणारा कचरा दाखवणारा आकडा) तुम्ही विचारलंय, आधी ९ होतं, नंतर ४ झालं, मग किडनी सुधारतेय का? नाही ताई. ते मशीननं खाली आणलंय, दोन दिवसांत परत चढेल. त्या आकड्याकडे बघून आशा किंवा भीती धरू नका. त्याऐवजी महिन्याला विचारा: डायलिसिस पुरेसं होतंय का, म्हणजे केटी बाय व्ही १.२ च्या वर आहे का, हिमोग्लोबिन १० च्या आसपास आहे का, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती. मामांना हे पाच शब्द पाठ करायला लावा.

आता हाताकडे येते.

फिस्टुला म्हणजे मामांची जीवनरेषा. हातातली रोहिणी आणि नीला जोडून शीर जाड केलेली असते, म्हणजे जाड सुईतून रक्त वेगानं ओढता येतं. तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर डाव्या मुठीत मऊ चेंडू दाबायचा, दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटं, टाके बरे झाले असतील आणि सर्जननं परवानगी दिली असेल तर. रोज सकाळी आणि झोपताना उजव्या हाताची बोटं जोडावर ठेवायची. चालू पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावला तर जाणवते तशी बारीक थरथर लागली पाहिजे. थरथर लागली नाही तर उद्या बघू, सोमवारी दाखवू, असं करायचं नाही. त्याच तासाला फोन आणि गाडी. पहिल्या दिवसात आलं तर अडकलेली गाठ काढून फिस्टुला पुन्हा चालू होण्याची शक्यता असते. माझ्याकडे एक पेशंट लग्नाच्या गर्दीत रात्रभर त्याच हातावर डोकं ठेवून झोपले. सकाळी थरथर नव्हती. घरच्यांनी पाहुण्यांची पांगापांग होईपर्यंत थांबायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा काही करता आलं नाही. पुन्हा मानेत नळी, पुन्हा नवं ऑपरेशन, आणि दुसऱ्या हाताच्या शिरा तितक्या चांगल्या नव्हत्या.

शेतकऱ्याच्या हाताला काय होतं ते डॉक्टरांच्या कागदावर छापलेलं नसतं, म्हणून सांगते. म्हशीचा कासरा डाव्या मनगटाला गुंडाळायचा नाही. म्हैस एक हिसका देते आणि शीर फाटते. दुधाची किटली त्या कोपरात अडकवायची नाही. वैरणीचा भारा त्या हातानं खांद्यावर घ्यायचा नाही. घड्याळ, दोरा, कडं, घट्ट बाहीचा शर्ट नको. बीपी, रक्ततपासणी, सलाइन, काहीही त्या हातावर नको. गावातल्या दवाखान्यात कुणी तो हात पुढे ओढला तर मामांनी स्वतः ‘हा हात नाही’ म्हणायचं. ते त्यांच्या तोंडून यायला हवं, कारण दर वेळी तुम्ही बरोबर असालच असं नाही.

सुया सुरू झाल्या की प्रत्येक वेळी आधी तो हात साबणानं धुवायचा. सिस्टर रोज एकाच जागी टोचत असेल तर ‘जागा बदला’ म्हणायचा हक्क मामांना आहे. एकाच ठिकाणी टोचल्यानं तिथे फुगा येतो आणि कातडी पातळ होते. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं, पट्टी रात्री झोपण्याआधी काढायची. घरी आल्यावर रक्त सुरू झालंच तर दोन बोटांनी नेमक्या छिद्रावर दाबायचं आणि हात छातीच्या वर उचलायचा. टॉवेलावर टॉवेल गुंडाळू नका, आत रक्त वाहत राहतं आणि दिसत नाही. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दाबलेल्या बोटासकट गाडीत बसायचं. हात लाल, गरम, दुखरा झाला, पू आला, किंवा फुग्यावरची कातडी चकाकायला लागली किंवा खपली धरली, तर वाट बघायची नाही.

मानेतली नळी मात्र शक्य तितक्या लवकर निघावी अशी माझी इच्छा आहे, कारण तिचं टोक थेट हृदयाजवळ असतं. डोक्यावरून अंघोळ नाही, छातीखालून करायची. मानेवरची पट्टी ओली झाली किंवा सुटली तर त्याच दिवशी बदलून घ्यायची. त्या नळीतून डायलिसिसशिवाय कुणी इंजेक्शन देऊ नये, कुणी तिचं टोपण उघडू नये. जोतिबाच्या यात्रेला जायचंय असं तुम्ही लिहिलंय. नळी असेपर्यंत नको, गुलाल त्या पट्टीखाली जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून, दात वाजून ताप आला, तर तो साधा ताप नाही. नळीतून जंतू रक्तात जाताहेत. ब्लँकेट मागून गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. घरी आला तरी रात्रीच्या रात्री निघायचं.

जेवणाचं. पोटॅशियम हा शब्द मामांनी ऐकला असेल, पण त्याची भीती त्यांना वाटत नाही, कारण ते वाढलेलं अंगाला कळत नाही. कधी पाय जड पडतात, मुंग्या येतात, नाडी मंद होते. कधी काहीच होत नाही आणि हृदय थांबतं. पाय अचानक लुळे वाटले तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात ईसीजी काढायला जा.

नारळपाणी पूर्ण बंद. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो, ते तुम्ही दारातच थांबवा, तेवढी पहारेकरी व्हा. उसाचा रस बंद. गुऱ्हाळावरची काकवी आणि गूळ बंद. साखरेत पोटॅशियम जवळजवळ नसतं, गुळात भरपूर असतं, म्हणून ‘गुळाचा चहा तब्येतीला चांगला’ हे त्यांना लागू नाही. (मधुमेह आहे म्हणून साखरही नको, तो विषय वेगळा.) केळं, मोसंबी, चिकू, सुकामेवा, टोमॅटोचं सार, पालक, शेवगा टाळा. सफरचंद, पेरू, पपई यांपैकी एकाच फळाच्या लहान वाटीभर फोडी, दिवसातून एकदा, तीही आहारतज्ज्ञ हो म्हणाले तर. कमरख, ज्याला स्टार फ्रूट म्हणतात, ते कोकणातून बाजारात येतं. ते एकही खायचं नाही. किडनी बंद असलेल्या माणसाला त्यातल्या विषानं न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात.

भाज्या सोलून बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी टाका, नव्या भरपूर पाण्यात उकडा, तेही टाका. ‘सत्त्व जातं’ म्हणून ते पाणी आमटीत घालायची आपल्या बायकांना सवय असते. इथे ते सत्त्वच घालवायचं आहे.

उपवासाचं तुम्ही विचारलं नाही, पण नवरात्र येईलच, आणि अंबाबाईचे नऊ दिवस मामा करत असणार. उपवासाचं ताट बघा: रताळं, बटाटा, केळं, शेंगदाणे, खजूर, राजगिरा, शहाळं. पोटॅशियमनं भरलेलं यापेक्षा दुसरं ताट मला सुचत नाही. दरवर्षी नवरात्रात आणि एकादशीनंतर आमच्याकडे अशी माणसं धावत आणली जातात. त्यांना श्रद्धा सोडायला सांगू नका. वरीचा भात, शेंगदाण्याऐवजी जिऱ्याच्या फोडणीवर केलेली थोडी साबुदाण्याची खिचडी, उकडून पाणी टाकलेला थोडा भोपळा, एवढं चालेल. निरंकार उपवास मात्र नको, त्यांच्या इन्सुलिनमुळे साखर एकदम खाली जाईल. मुसलमान पेशंटना रोज्याबद्दल मी हेच सांगते, आधी डॉक्टरांशी बोला, आणि खजुरानं रोजा सोडायचा असेल तर एकावर थांबा.

मटण. डायलिसिस सुरू होण्याआधी त्यांना प्रथिनं कमी करायला सांगितलं होतं, आणि तुमच्या घरात अजून तेच चालू आहे, भात आणि पातळ वरण. ते आता बदला. डायलिसिसमध्ये प्रथिनं धुऊन जातात. त्यांना वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, म्हणजे ६०-७५ ग्रॅम. रोज दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग, कोंबडी किंवा मासा, घट्ट डाळ, थोडं पनीर किंवा दही. अल्ब्युमिन खाली गेलेला पेशंट साध्या न्यूमोनियातून उठत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

पण मटणाचं कसं खायचं ते आपल्या पद्धतीच्या उलट आहे. आपण आजाऱ्याला फोड बाजूला ठेवून अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पाजतो, ताकद येईल म्हणून. मटण शिजताना त्यातलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं, फॉस्फरसही उतरतं, आणि नावाला अळणी असलं तरी त्यात मीठ घातलेलं असतं. वर ते पाणीच. मामांनी फोडी खायच्या, अळणी नको, तांबडा-पांढरा रस्सा नको. पांढऱ्या रस्स्यात नारळाचं दूध, काजू, तीळ असतात, म्हणून तो तांबड्याहून वाईट. तीन-चार फोडी, सुक्या, बिनमिठाच्या चटणीत परतून. आणि रविवारी नको. रविवार हा शुक्रवार-सोमवारच्या मोठ्या खंडातला शेवटचा दिवस, म्हणजे रक्तात पोटॅशियम आधीच साठलेलं. बुधवारी डायलिसिसहून आल्यावर रात्री करा. बुधवारी घरी मटण आहे म्हटल्यावर मामा बुधवार चुकवणार नाहीत, असंही मला वाटतं.

फॉस्फरसमुळे अंगाला खाज येते, पुढे हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा आपला अभिमान, पण त्यांच्यासाठी दिवसाला चहापुरतं दूध पुरे. काळी कोल्ड्रिंक नकोत. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवता जेवता, पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर ती फुकट जाते. निम्मे पेशंट तशीच घेतात.

औषधांबद्दल थोडंच, कारण डोस डॉक्टरांनी ठरवायचे. डायलिसिसच्या सकाळी बीपीच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे लिहून घ्या, तोंडी नको. किडनी काम करेनाशी झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून पूर्वीचाच डोस चालू असेल तर रात्री साखर पडते. पहाटे घाम, बडबड, थरथर झाली तर आधी साखर तपासा. गुडघेदुखीवर दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका, उरलेली ३०० मिली लघवी तीच घालवते, आणि ती लघवी सोन्यासारखी आहे. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का विचारा, डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट डोस लागतो. हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन चुकवू नका. पुढे किडनी बदलायचा विचार असेल तर रक्त चढवणं शक्य तेवढं टाळायचं असतं, हेही डॉक्टरांशी बोला. ५८ वय आणि मधुमेह असला म्हणजे प्रत्यारोपणाचं दार बंद असं नाही.

चुलत दिरांनी भस्म आणि काढा आणलाय, ‘डायलिसिस सोडा, दोन महिन्यांत किडनी जागी होईल’ असं त्यांना कुणी सांगितलंय. त्यांना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी जीव तुटून आणलंय. पण भस्मात जड धातू असू शकतात आणि काढ्यात पोटॅशियम. आणि डायलिसिस सोडलं तर मामांकडे फार दिवस उरणार नाहीत. पुडीच्या भरवशावर आठवडाभर न आलेला माणूस मी बसल्या बसल्या श्वासासाठी तडफडताना पाहिलाय. त्या दिवशी ते पाणी आम्ही काढू शकलो. दर वेळी वेळ मिळत नाही.

पैशाचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा, नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. एस्टीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, आगारात विचारा.

मामा चिडतात, जेवण ढकलून देतात, म्हशींकडे बघत नाहीत असं लिहिलंय. डायलिसिस सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत मी धडधाकट पैलवान गडी आमच्या खुर्चीत रडताना पाहिलेत. त्यांना वाटतं, आता आपण ओझं झालो. वही, बाटली, हात तपासणं ही कामं त्यांना मी यासाठीही देते आहे. मंगळवार, गुरुवारी त्यांना गोठ्यावर जाऊ द्या. धार उजव्या हातानं, हिशोब त्यांचाच. झोप आणि भूक महिनाभर गेलेली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, त्यावर उपचार आहेत.

शेवटचं, आणि शिरोळ तालुक्यातल्या माणसाला हे मी कधी विसरत नाही. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर तुम्ही पाहिलाय. हायवे बंद, गावं पाण्यात, आणि डायलिसिसच्या पेशंटला चार-पाच दिवस थांबता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तुमच्याकडे कृष्णेचाही फुगवटा येतो, म्हणून ३९ चा आकडा बातमीत आला की मामांना कोल्हापुरात उंचावरच्या पाहुण्याकडे आणून सोडा, ४३ ची वाट बघू नका. कुणाकडे सोडायचं ते आजच ठरवून त्यांना फोन करून ठेवा.

एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हे बांधून दाराजवळ टांगा: शेवटचा डायलिसिसचा कागद आणि कोरडं वजन, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट (ते नसतील तर दुसरं युनिट मशीन देत नाही), योजनेचं कार्ड, सात दिवसांची औषधं, साखर तपासायचं यंत्र, नळी असेपर्यंत निर्जंतुक पट्ट्या. अडकलातच तर त्या दिवसांत पाणी ५०० मिलीवर आणा, फळ आणि पालेभाजी पूर्ण बंद, मीठ जवळजवळ बंद, भात-भाकरी आणि अंड्याचा पांढरा भाग एवढ्यावर राहा, इन्सुलिनचं फोनवर विचारा. बोट आली की ‘डायलिसिसचा पेशंट आहे’ हे पहिलं वाक्य बोला. पोटॅशियम बांधणारी पावडर अशा वेळेसाठी घरी ठेवायची का, किती घ्यायची, हे या सोमवारी डॉक्टरांना विचारून पिशवीतल्याच कागदावर मामांच्या अक्षरात लिहून घ्या.